बंपरमागचा थर्माकोल

मागच्या महिन्यात आमच्या गाडीचं नाक फुटलं. म्हणजे झालं असं, की सोसायटीच्या फाटकाबाहेर मी गाडी थांबवून उभा होतो, समोरच्या टेम्पोने रिव्हर्स घेतला, मी हॉर्न वाजवला, त्याने तो ऐकला नाही आणि पापड मोडावा तसा आवाज झाला. टेम्पोला ओरखडासुद्धा नाही. त्याच्या मागे एक गंजलेला लोखंडी अँगल होता, तो जसाच्या तसा. ड्रायव्हर उतरला, माझ्या बंपरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाला, "काका, आजकालच्या गाड्या म्हणजे नुसतं प्लास्टिक." चूक त्याची होती. पण त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटलं, आणि तेच जास्त लागलं.

गॅरेजवाला मिस्त्री जुना ओळखीचा. बंपर उतरवायला त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. वरचे चार स्क्रू, चाकांच्या कमानीतले दोन-दोन, मग दोन्ही हातांनी धरून एक हिसका. क्लिपा टक् टक् टक् करत सुटल्या आणि तो सगळा चेहरा, जाळी-बिळीसकट, त्याने अलगद उचलून वर्तमानपत्रावर ठेवला, गौरीचा मुखवटा ठेवावा तसा. मागे जे दिसलं ते बघून मी गप्पच झालो. थर्माकोल. काळ्या रंगाचा, नव्या फ्रीजच्या खोक्यात कोपऱ्यांना असतो तसला, पण जरा घट्ट. त्याचे तीन तुकडे झाले होते. त्याच्यामागे एक आडवी लोखंडी पट्टी, तिच्यावर मात्र काही नाही. मी बोटाने एक तुकडा दाबून पाहिला, तो दबला आणि परत फुगला. "एवढंच असतं आत?" मी विचारलं. मिस्त्री हसला. "एवढंच असतं साहेब. लोक बाहेरून बघतात, त्यांना वाटतं लय काय काय असंल."

इतके लाख मोजले ते थर्माकोलसाठी?

हा प्रश्न घेऊन मी रिक्षाने घरी आलो. बरोबर पिशवीत त्या थर्माकोलचा एक तुकडा. का आणला, सांगता येणार नाही. बहुधा कुणाला तरी दाखवून 'बघा, कशी फसवणूक चालते' असं म्हणायचं होतं. बायकोने तो बघून विचारलं, "आता हे कुठे ठेवणार?" तेवढ्यापुरता विषय मिटला.

माझ्या मनातला बंपर वेगळाच होता. आमच्या वाड्यात बाबांनी सेकंडहँड घेतलेली फियाट असायची. तिचा बंपर म्हणजे चकचकीत पोलाद, त्यात आपलं तोंड आडवं पसरून दिसायचं. उन्हाळ्यात हात लावला तर चटका बसायचा, आणि हिवाळ्यात सकाळी त्यावर दव साचलं की बोटाने नाव लिहिता यायचं. बाबा दर रविवारी तो आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसत. त्या बंपरवर दोन उभे खुंट होते, आम्ही त्यांना शिंगं म्हणायचो. चौथीत असताना डबा ऐसपैस खेळताना मी पळत आलो आणि उभ्या गाडीच्या त्या शिंगावर जाऊन आदळलो. गाडी हललीसुद्धा नाही. माझ्या मांडीला, गुडघ्याच्या जरा वर, तीन टाके पडले. ती खूण अजून आहे. बाबा धावत आले, मला उचललं, आणि उचलता उचलता त्यांनी एकदा बंपरकडेही नजर टाकली. त्यांनी तसं केलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता वाटतं, रविवारची सवय होती ती, नजर आपोआप गेली असेल. आई मात्र ती नजर विसरली नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आमची फियाटच, रस्त्यावरून उतरली, ती बातमी टीव्हीवर चालू असताना सगळे हळहळत होते आणि आई म्हणाली, "माझ्या पोराचा पाय फोडला होता तिने."

माझी भाची पिंपरीकडे गाड्यांच्या डिझाइनचं काम करते. रविवारी जेवायला आली तेव्हा मी विजयी मुद्रेने तो तुकडा तिच्यासमोर ठेवला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "मामा, हा थर्माकोल नाहीये. हा तुझ्यासाठी नाहीच आहे मुळी." मग कोणासाठी? तिने माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "जो तुझ्या गाडीसमोर येईल त्याच्यासाठी."

मग तिने बासुंदीची वाटी बाजूला सारून जे सांगितलं ते असं. माणसाला गाडी लागते तेव्हा पहिला लागतो तो बंपर, आणि तो लागतो पायाला. त्यासाठी प्रयोगशाळेत एक खोटा पाय असतो, मांडी आणि नळी, मधे गुडघा. तो ताशी ४० किलोमीटर वेगाने बंपरवर फेकतात आणि गुडघा किती वाकतो, नळीला किती हिसका बसतो ते मोजतात. गुडघा बाजूला वाकला की आतले बंध तुटतात, आणि माणूस जगला तरी चालत नाही. म्हणून बंपरच्या मागे हा मऊ थर, आणि खाली, अगदी रस्त्याजवळ, आणखी एक आडवी कड. ती नळीला खालून आधार देते, म्हणजे मांडी आणि नळी एकदम ढकलली जातात आणि गुडघा मधल्या मधे मोडत नाही. पायानंतर माणूस बॉनेटवर पडतो. त्यासाठी खोटी डोकी असतात: लहान मुलाचं साडेतीन किलोचं, मोठ्या माणसाचं साडेचार किलोचं, आणि तीही बॉनेटवर नेम धरून मारतात. बॉनेटचा पत्रा दबला पाहिजे, आणि दबायला त्याच्याखाली जागा पाहिजे. पत्र्याच्या लगेच खाली इंजिन असेल तर ते डोकं इंजिनावरच आपटल्यासारखं. म्हणून बॉनेट वर उचललं गेलं. पूर्वीच्या त्या चपट्या, जमिनीला नाक घासणाऱ्या सुंदर गाड्या गेल्या, आणि डोळे मिटून घेणारे, वर उघडणारे ते हेडलाइटही जवळपास त्याच वाटेने गेले. १९३६ साली कॉर्ड या अमेरिकन कंपनीच्या गाडीवर पहिल्यांदा आलेले तसले दिवे २००४ नंतर कुठल्या मोठ्या उत्पादनाच्या गाडीवर दिसले नाहीत. उघडे असताना ते म्हणजे बाहेर आलेले टोकदार कोपरेच. आमच्या फियाटच्या शिंगांसारखे.

आपल्याकडे पायी चालणाऱ्यांसाठीचा हा नियम नव्या मॉडेलांना लागू झाला २०१८च्या ऑक्टोबरपासून. त्याच्या आदल्या वर्षी समोरून धडकेची चाचणी सक्तीची झाली. युरोपात पायी चालणाऱ्यांचा नियम २००३ सालीच कायद्यात आला होता. मला गंमत वाटली ती अमेरिकेची. तिथे १९७३च्या मॉडेलांपासून सरकारने सांगितलं, की ताशी ५ मैलांच्या, म्हणजे साधारण ८ किलोमीटरच्या धक्क्याला समोरच्या बंपरमागचे दिवे-बिवे फुटता कामा नयेत. कंपन्यांनी काय केलं, तर गाड्यांच्या तोंडावर चक्क तुळया बसवल्या, मागे शॉक ॲब्सॉर्बर लावून. एमजी या नाजूक इंग्रजी स्पोर्ट्स गाडीवर काळ्या रबराचा जाडजूड ओठ आला आणि तिचे चाहते अजून त्या ओठाला शिव्या देतात. १९८२ साली तो नियम अडीच मैलांवर आणला. पण त्या नियमाला काळजी होती ती गाडीची, मालकाच्या खिशाची. युरोपच्या नियमाला काळजी नडगीची. एकाच पट्टीवर दोन कायदे, एक म्हणतो टणक हो, दुसरा म्हणतो मऊ हो. माझ्या हातातला तो काळा तुकडा म्हणजे त्या भांडणातली तडजोड होती, आणि मी त्याला फसवणूक म्हणत होतो.

तरी राग पूर्ण गेला नाही, कारण दुसऱ्या दिवशी बिलाचा अंदाज आला.

बंपर, आतला फोम, डाव्या हेडलाइटचा तुटलेला कान (कान तुटला म्हणून अख्खा हेडलाइट), दोन ब्रॅकेट, रंग. विम्याचा माणूस आला, फोटो काढले आणि शांतपणे म्हणाला, "प्लास्टिकला ५० टक्के घसारा." जास्तीचा हप्ता भरून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घेतलं असतं तर भरपाई पूर्ण मिळाली असती, पण ते मी काटकसर म्हणून घेतलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, पूर्वी सात इंची गोल दिवा कुठल्याही हायवेवरच्या दुकानात मिळायचा, फियाटला तोच, ॲम्बेसेडरला तोच, जीपला तोच. खरंच, त्या गोल दिव्यामागेही एक नियम होता. अमेरिकेने १९४० साली ठरवलं की सगळ्या गाड्यांना सारखेच दोन सीलबंद सात इंची दिवे, म्हणजे फुटला की कुठेही बदलता येईल. ते जगभर पसरलं. सगळ्या गाड्या एकाच आईच्या लेकरांसारख्या त्या दोन गोल डोळ्यांनी बघायच्या. कुणाचं तोंड वेगळं करायचं तर फक्त जाळी बदलायची. आता प्रत्येक गाडीचे डोळे वेगळे, बदामी, फाटलेले, भुवया कुठे तर डोळे कुठे. माझ्या गाडीत वरची बारीक रेघ म्हणजे दिवसाचा दिवा, आणि खरा हेडलाइट खाली, बंपरच्या गालात. दिसायला तिखट. पण तो गाल टेम्पोच्या अँगलच्या बरोबर उंचीवर.

भाचीने पैशाची आणखी एक बाजू सांगितली, ती मला आधी माहीत असती तर मी दोनदा फसलो नसतो. बॉनेट आणि मडगार्ड पत्र्याचे, त्यांचे साचे भयंकर महाग, एकदा केले की अनेक वर्षं वापरायचे. बंपर प्लास्टिकचा, त्याचा साचा त्या मानाने स्वस्त. म्हणून तीन-चार वर्षांनी 'नवी' गाडी येते तेव्हा बंपर, जाळी आणि दिवे बदललेले असतात, पत्रा तोच. आपण शेजाऱ्याला पेढे देतो. आणि सगळ्यात मोठा शिल्पकार, ती म्हणाली, तो अर्थमंत्री. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनांच्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आला, आणि तेव्हापासून आपल्या देशात गाड्या ३९९५ मिलिमीटर लांब व्हायला लागल्या. खरंच, उघडून बघा कुठल्याही पाच गाड्यांची पत्रकं. पहिली डिझायर चार मीटरच्या बाहेर होती, २०१२ साली ती ३९९५ झाली, तिची डिकीच छाटून टाकली. त्या तेवढ्यात इंजिन, पाच माणसं, सामान आणि शिवाय धडक पचवायला पुढची मोकळी जागा, सगळं बसवायचं. पाच माणसांचे पाय काही आखूड करता येत नाहीत, मग नाक आखूड होतं, उभं होतं. ओम्नीला तर नाकच नव्हतं, ड्रायव्हरचे गुडघे म्हणजेच तिचा पुढचा भाग. शाळेची मुलं, सिलिंडर, पेशंट, वऱ्हाड, काय काय वाहिलं तिने. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तिला धडकेचा नियम आडवा आला आणि २०१९ साली ती बंद झाली. आमच्या लग्नाचं वऱ्हाड तीन ओम्नींमधून खंडाळ्याचा घाट उतरून पनवेलला गेलं होतं. पुढच्या सीटवर मामंजी, मांडीवर रुखवताचं ताट. आता ते चित्र डोळ्यांपुढे आलं की लाडूंच्या आधी त्यांचे गुडघे दिसतात.

वाऱ्याचं प्रकरण मला सगळ्यात उशिरा कळलं, कारण वारा दिसत नाही आणि त्याचं बिलही वेगळं येत नाही. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट. कर्वे रोडवर त्याला काही किंमत नाही, तिथे आपणच थांबलेले असतो. पण एक्स्प्रेसवेवर ताशी १०० ने जाताना इंजिनाचा मोठा वाटा फक्त हवा बाजूला सारण्यात जातो. खिडकीतून हात बाहेर काढून, आधी तळवा आडवा आणि मग उभा धरून लहानपणी सगळ्यांनीच हा प्रयोग केलेला आहे. भाचीच्या कामात मातीची गाडी करतात, खरोखरची, गरम करून मऊ केलेल्या मातीची, आणि बंपरच्या कोपऱ्यावरून दोन-दोन मिलिमीटर खरवडत बसतात, कारण हवा त्या कोपऱ्यावरून वळताना चिकटून राहिली तर ठीक, सुटली तर मागे भोवरे. सगळ्यात नको असलेली हवा म्हणजे जी जाळीतून आत शिरते, रेडिएटरला थंड करते आणि इंजिनाच्या गर्दीत धडपडत खालून बाहेर पडते. म्हणून जाळी होता होईल तेवढी बंद. माझ्या गाडीची जाळी मी पहिल्यांदा नीट बघितली ती त्या वर्तमानपत्रावर पालथी असताना. वरचा अर्धा भाग आरपार नव्हताच. काळं प्लास्टिक, त्यावर मधमाशीच्या पोळ्याची नक्षी. विजेवरच्या गाड्यांना तर एवढ्या मोठ्या जाळीची गरजच नाही, तरी कित्येकांना तिच्या जागी जाळीचा आकार काढलेला असतो. का, तर लोकांना चेहरा लागतो. १९३४ साली क्रायस्लरने वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडून बघतात तिथे, घोटून एअरफ्लो नावाची गाडी आणली, घरंगळत उतरणाऱ्या नाकाची. लोकांनी ते नाक बघून नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी कंपनीने तिला टोकदार जाळी लावून दिली.

जाळीचा आणखी एक उपयोग आहे, जो बोगद्यात कुणी तपासत नाही. दसऱ्याला हार कुठे बांधायचा? फियाटच्या जाळीला आडव्या पट्ट्या होत्या, झेंडूच्या हाराचा दोरा त्यातून ओवून दोन गाठी मारल्या की हार सीमोल्लंघन करून, सोनं वाटून परत यायचा, फक्त दोन-चार फुलं रस्त्यात पडायची. गेल्या दसऱ्याला आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी नवी विजेची गाडी घेतली. तिच्या तोंडाला एक भोक नाही. आजोबांनी दोरा घेऊन गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, शेवटी नातवाने चिकटपट्टीने हार लावला. गाडी सुरू केली आणि तिने कर्कश ओरडायला सुरुवात केली. समोर अडथळा आहे, अगदी जवळ आहे, थांबा. पार्किंगच्या सेन्सरवर झेंडू आला होता. स्वतःच्याच हाराला घाबरून ती गाडी फाटकापर्यंत ओरडत गेली. हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढायला मात्र बॉनेट झकास, उंच आणि रुंद, वाकायला लागत नाही.

ते उंच आणि रुंद बॉनेट मला हल्ली जरा खटकतं. कारण माझाही इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जीपसारखी गाडी होती, तिला मी हौसेने पुढे जाडजूड स्टीलच्या नळ्यांचा क्रॅश गार्ड बसवून घेतला होता. बाजारातल्या त्या दुकानात वेल्डिंगचा वास, ग्राइंडरच्या ठिणग्या, आणि तो बसल्यावर आरशासारखा चकाकणारा. बाबांच्या बंपरनंतर पहिल्यांदा मला माझी गाडी गाडीसारखी वाटली होती. मी तो रविवारी पुसायचो. गर्दीत लोक आपोआप बाजूला व्हायचे, आणि ते मला आवडायचं, हे आता लिहिताना लाज वाटते. २०१७च्या डिसेंबरात केंद्राने राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड बेकायदा असल्याचं बजावलं. तोवर ती गाडी मी विकली होती, त्यामुळे काढायची वेळ माझ्यावर आली नाही. तो गार्ड थेट चासीला बोल्टने जोडलेला होता. पुढचा भाग चेपून धक्का पचवायचा असतो, तेच त्याने बंद करून टाकलेलं, आणि समोर कुणाचा पाय आला असता तर त्या पायासाठी तिथे काय होतं? पोलाद. शिंगं.

२०२२ साली आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात पायी चालणारी ३२,८२५. हा आकडा मी तीन वेळा वाचला. त्यातल्या कितीजणांसमोर गार्ड लावलेली गाडी आली असेल, याचा हिशोब कुठेच नसणार, आणि तो मला नकोही आहे. अमेरिकेतल्या एका विमा संस्थेने २०२३ साली असं दाखवलं, की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचारी मरण्याची शक्यता ३० इंची, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. बुटक्या गाडीवर माणूस पडतो, उंच गाडीखाली जातो. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माहितीये मामा. पण लोकांना उंचच पाहिजे. फोम आम्ही कितीही घालू." आणि गप्प बसली. तिची स्वतःची गाडीही तशीच उंच आहे. हप्ते चालू आहेत.

गाडी चार दिवसांनी मिळाली. रंग नव्या बंपरचा आणि जुन्या मडगार्डचा अगदी एक नाही, उन्हात उभं राहून बघितलं तर कळतं. मिस्त्री म्हणाला, "तुम्हालाच दिसंल साहेब, बाकी कुणाला नाय." पार्किंगमध्ये लावल्यावर आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी बंपरला गुडघा लावला आणि अंगाचा भार दिला. मांडीवरची जुनी खूण आता बंपरच्या वर येते. प्लास्टिक आत गेलं, पाय काढल्यावर पॉक् करून परत आलं. तेवढ्यात वॉचमन आला आणि काही झालंय का म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, नाही, नवीन आहे, बघत होतो.

तो काळा तुकडा आठवडाभर टेबलावर होता. मग एकदा शोधला तर सापडेना. बायकोने तो मधोमध कापून गॅलरीतल्या दोन कुंड्यांखाली ठेवला होता, फरशीवर ओरखडे पडतात म्हणून.